सप्तपर्णीच्या पानावरचे फोड

आमच्या एव्हरशाईन सिटीत सप्तपर्णीच्या पानांवर फोड आलेत. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, "रोग आहे, झाड तोडा." म्हटलं, आधी एक फोड तर कापून बघू. ब्लेडने कापला, आत इवलंसं पिल्लू! पॉरोप्सिला ट्युबरक्युलाटा नावाचा किडा. पिल्लू रस शोषू लागलं की पानच त्याच्याभोवती गाठ वाढवतं. म्हणजे घर झाडाने बांधायचं, राहणार हा, भाडं शून्य. पानं वेडीवाकडी होतात, पण मोठं झाड सहसा मरत नाही.

करंजाच्या पानावरच्या गाठी मात्र किड्याच्या नाहीत. तो माइट, कोळ्याच्या नात्यातला, पण पाय चारच.

परदेशात लोक ओकवर गाठी शोधतात. वसईत ओक कुठला? पण आईच्या बाळगुटीच्या डब्यात मायफळ सापडलं. फळ कसलं, ओकच्या फांदीवरची गाठच ती, चिमुकल्या गांधीलमाशीमुळे झालेली. आईच्या मायफळाला बारीक भोकही होतं. माशी तिथून केव्हाच उडालेली.

रविवारी मीटिंगला तेच घेऊन गेलो. शिवाय 1975 च्या कायद्याने परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हेही सांगितलं. तोडणं सध्या थांबलंय. फवारणीवरून भांडण चालूच आहे.