मास्तरांनी नाव दिलेला पतंग



आजचा माझा विषय लहान आहे, अगदी मोजून लहान. पाच ते सात मिलिमीटर लांबीचा, करड्या रंगाचा, पंखांवर काळसर ठिपके असलेला एक पतंग. तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा. समारंभात बोलण्याजोगा हा विषय आहे काय, असे काही जणांच्या मनात येईल. पण या सभागृहात टोमॅटोचा प्लॉट करणारे शेतकरी बसले आहेत आणि टोमॅटोच्या क्रेटवर ज्यांची चूल चालते असे बागवान बंधूही बसले आहेत. प्लॉट बसला की त्या घरातल्या मुलाच्या वह्या-पुस्तकांची खरेदी पुढे जाते, हे वर्गशिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. शिवाय पवित्र कुरआनातील सूरांना मधमाशी, मुंगी, कोळी यांची नावे आहेत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात किड्यामुंग्यांनाही जागा दिली. तेव्हा लहान जीवावर बोलण्याची परवानगी आपल्याला फार पूर्वीच मिळालेली आहे.

या पतंगाला शेतकरी ‘टुटा’ म्हणतात. त्याचे मूळ घर आपल्यापासून फार लांब, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या डोंगराळ भागात आहे. अँडीज पर्वतात हुआंकायो नावाचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीन हजार मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर 1646 मीटर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर वसलेले ते गाव. तिथे पकडलेला पतंग इंग्लंडला पोहोचला आणि 1917 साली एडवर्ड मेरिक यांनी त्याचे वर्णन छापून त्याला शास्त्रीय नाव दिले, फ्थोरिमिया अब्सोल्युटा.

हे मेरिक कोण? येथे शिक्षक मंडळींनी जरा लक्ष द्यावे. ते शाळामास्तर होते. मार्लबरो येथील शाळेत 1887 पासून 1914 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुलांना ग्रीक आणि लॅटिन शिकवले. विज्ञान हा त्यांचा वर्गातला विषयच नव्हता. तरीही त्यांनी बारीक पतंगांच्या दहा हजारांहून कितीतरी अधिक जातींना नावे दिली. बिहारातील पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर भारतातले बारीक पतंग त्यांच्याकडेच पाठवीत. मेरिक यांचे मुख्य साधन होते हातातले भिंग आणि पंखांवरच्या शिरा. सूक्ष्मदर्शकाखाली पतंगाचे अवयव सोडवून पाहण्याची नवी पद्धत त्यांनी स्वीकारली नाही. त्याबद्दल पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यांना बराच दोष दिला, आणि तो काही अंशी रास्त आहे. पण या एका पतंगाची गंमत पाहा. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला एका प्रजातीतून दुसरीत असे चार वेळा हलवले. 1994 साली ‘टुटा’ हे प्रजातीनाम चिकटले. आणि 2021 मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा तो परत मास्तरांनी ठेवला होता त्याच खणात आला. माझ्यासारख्या बी.ए., बी.एड. माणसाला याचा जरा आनंद झाला, हे लपवत नाही.

आता त्याचे काम पाहू. पतंग रात्री हिंडतो. मादी आपल्या आयुष्यात अडीचशेपर्यंत अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी पानाच्या आत शिरते. पानाला वरचा पापुद्रा असतो, खालचा पापुद्रा असतो, आणि मध्ये हिरवा गर. अळी दोन्ही पापुद्रे तसेच ठेवून मधला गर खाते. पुढे ती शेंड्यात, देठाजवळून फळातही शिरते. ऊब असली की अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिन्याभरात उरकतो, म्हणजे वर्षाला दहा-बारा पिढ्या.

येथेच घोटाळा होतो. आपल्याकडे नागअळी जुनी ओळखीची. ती माशीची अळी. ती पानात नागमोडी, बारीक, पांढरी रेघ काढते. टुटाची अळी रेघ काढत नाही, ती पसरट, वेडावाकडा, फोड आल्यासारखा डाग करते आणि आत काळी विष्ठा साठलेली दिसते. पान उजेडासमोर धरले की अळीची सावली हलते. तिला स्पष्ट डोके आणि पाय असतात. नागअळीला पाय नसतात. पण ‘पानात अळी आहे’ एवढ्यावर दुकानात गेले की मिळेल ती बाटली घेऊन यायचे, असे चालते. अळी दोन पापुद्र्यांच्या आड बसलेली, वरून पडलेले औषध तिच्यापर्यंत पुरते पोहोचत नाही. एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की जगल्या-वाचलेल्यांची पिढी त्याला दाद देईनाशी होते. ब्राझील आणि चिलीतील शेतकऱ्यांनी हे भोगले आहे. आणि अंडी व कोवळ्या अळ्या खाणारा ढेकणाच्या जातीचा एक बारीक हिरवा कीटक आपल्या शेतात फुकट राबत असतो, तो मात्र पहिल्या फवाऱ्यात मरतो.

पर्वतातून निघालेला हा पाहुणा इथवर आला कसा? स्वतःच्या पंखांवर नक्कीच नाही. 1960 नंतर तो दक्षिण अमेरिकेत टोमॅटोच्या पिकाबरोबर पसरला. 2006 साली स्पेनमध्ये दिसला. 2008 मध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया. 2009 मध्ये तुर्कस्तान. आणि 2014 साली पुण्याकडच्या टोमॅटोवर, म्हणजे भारतातली पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली. फळे, रोपे, खोकी यांतून माणसानेच त्याला आणले. टोमॅटोही त्याच अँडीजकडचा. आपल्या आजी त्याला बेलवांगे म्हणत. पीक आले आणि काही शतकांनी त्याचा गिऱ्हाईकही मागोमाग आला.

उपाय सांगायला मी कृषी अधिकारी नाही. एवढे सांगतो की कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. त्यावरून कीड आली हे कळते, तेवढ्याने पीक वाचले असे समजू नये. डागाळलेली पाने खुडून बांधावर टाकली तर अळी तिथे कोष करते आणि परत येते. ती पुरून किंवा नष्ट करावी. प्लॉट संपल्यावर जुनी झाडे महिनोन्‌महिने उभी ठेवू नयेत. पुढचे कृषी विज्ञान केंद्रात विचारावे, आणि विचारायला जाताना पान बरोबर न्यावे.

संस्थेकडे माझी एक मागणी आहे. प्रयोगशाळेसाठी मोठी रक्कम मागत नाही. आठवी-नववीच्या वर्गांना दहा-दहा भिंगे आणि एक-एक जाड नोंदवही द्यावी. मुलांनी घरच्या शेतातले डागाळलेले पान वर्तमानपत्राच्या घडीत वाळवून चिकटवावे आणि खाली गाव, तारीख, पीक लिहावे. चार-पाच वर्षांनी त्या वह्यांत या भागाची अशी माहिती जमेल, जी आज कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. मुलींच्या वर्गालाही ही भिंगे मिळावीत. शेतात खुडणीला त्याच जास्त असतात, पान आधी त्यांच्याच हातात येते.

बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर दोन पाने ठेवली आहेत. एक नागअळीचे, एक टुटाचे. चिठ्ठी मुद्दामच लावलेली नाही. चहाला जाताना उजेडासमोर धरून पाहा आणि कोणते कोणते ते मला सांगा.