ढिगाऱ्याचा हिशेब



घनकचरा म्हटले की नगरपरिषदेची घंटागाडी आणि गावाबाहेरचा डेपो आठवतो. यवतमाळ जिल्ह्यातला सर्वांत मोठा घनकचरा मात्र वणी तालुक्यात, उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, निलजई, मुंगोलीच्या खुल्या खाणींभोवती रचलेला आहे. कोळशावरची काळी माती, मुरूम आणि वालुकाश्म फोडून डम्परने बाहेर टाकायचे, ही खुल्या खाणीची रीतच आहे. कोल इंडियाने २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला आणि त्यासाठी सुमारे १९६ कोटी घनमीटर माती-दगड हलवला. तिच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या उपकंपनीत टनामागे निघणारी माती या सरासरीहून बरीच जास्त असते. तरीही २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतून औद्योगिक कचरा वगळला होता, आणि ही माती घातक कचऱ्यातही मोडत नाही. तिची सोय पर्यावरण मंजुरीच्या अटींत आणि खाण बंद करण्याच्या आराखड्यात लावलेली आहे. माझे म्हणणे एवढेच की बाहेर टाकलेल्या प्रत्येक घनमीटरची जागा, उतार आणि खड्ड्यात परत जाण्याचे वर्ष नोंदवले जावे, आणि ते पाळले गेल्याशिवाय खाणीच्या पुढच्या विस्ताराला मंजुरी मिळू नये.

असा हिशेब ठेवता येतो, याचा पुरावा शेजारीच आहे. औष्णिक वीज केंद्राच्या राखेवर १९९९पासून अधिसूचना निघत आल्या. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने तर संपूर्ण राख वापरण्याचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई ठरवली. ज्या कोळशाच्या राखेचा टनाटनाने जाब विचारला जातो, त्याच कोळशासाठी उपसलेल्या मातीला तो नियम नाही. खाण बंद करण्यासाठी पैसे बाजूला ठेवलेच जातात, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपयांचा दर ठरवला, पुढे तो वाढला. पण तो दर हेक्टरचा आहे. त्याच हेक्टरवर ढिगारा ३० मीटर चढवला काय आणि ९० मीटर चढवला काय, ठेव तेवढीच राहते. माती परत भरण्याचा खर्च मात्र घनमीटरने वाढतो. ढिगारे उंच का होतात आणि जागचे का हलत नाहीत, याचे मोठे कारण मला या हिशेबातच दिसते.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो मी मान्य करतो. पहिला खड्डा खणताना माती ठेवायला आत जागा नसते. सुरुवातीचा ढिगारा बाहेरच पडणार. पण तो नदीकाठी पडावा, ही काही तांत्रिक गरज नव्हे. २०२२च्या जुलैत वर्धा नदीच्या पुराने वणी तालुक्यातल्या गावांना वेढले, तेव्हा गावकऱ्यांनी काठच्या ढिगाऱ्यांकडे बोट दाखवले. पाऊस आणि धरणांचा विसर्ग ही पुराची मूळ कारणे, हे बरोबरच. ढिगारा पाऊस आणत नाही. पण पूर पसरण्याची जागा ढिगाऱ्याने अडवली, तर तेच पाणी समोरच्या वावरात अधिक उंच चढते. याहून भीषण धडा वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनचा आहे. तिथे झऱ्यांवर रचलेला कोळसा खाणीचा ढिगारा २१ ऑक्टोबर १९६६ रोजी शाळेवर घसरला. १४४ माणसे गेली, त्यांतली ११६ मुले होती. ढिगाऱ्याखाली पाणी कुठून वाहते हे आधी पाहायचे असते; ढिगारे सुरक्षित ठेवण्याचे बंधन ब्रिटनने १९६९च्या कायद्यात घातले.

खर्चाचा आक्षेप उरतो. माती दोनदा उचलली तर कोळसा महागेल, असे म्हणतात. तो खर्च आजही होतोच. फक्त तो ढिगाऱ्यांवरून वाहून कापूस-सोयाबीनच्या शेतावर साचलेल्या गाळातून शेतकरी भरतो. शिवाय ही माती निव्वळ टाकाऊ नाही. वेकोलिनेच नागपूर जिल्ह्यात भानेगावला आणि पुढे गोंडेगावला तिच्यातून वाळू काढून दाखवली, ती घरकुलांना पुरवली. नदीपात्रातल्या वाळूसाठी काय चालते हे या सभागृहात सांगायला नको. वणीतल्या ढिगाऱ्यांतल्या वालुकाश्माची अशी तपासणी खाणनिहाय व्हावी.

या परिषदेने ठराव करावा तो असा: वणी तालुक्यातल्या प्रत्येक ढिगाऱ्याची उंची, घनफळ आणि नदी-नाल्यापासूनचे अंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावे, खाण बंद करण्यासाठीची ठेव घनमीटरवर आकारावी, आणि पूररेषेच्या आतले ढिगारे सर्वांत आधी खड्ड्यात परत न्यावेत.