इंजिनाची यादी वाचताना



कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तरी हौसेने ती विकत घेणारे आजही आहेत. विकणारा म्हणतो, 'इंजिन नवे बांधले आहे', आणि हाती लांबलचक यादी ठेवतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सारे नवे! पण यादी लांब म्हणून काम चोख असे मानणे, म्हणजे वाण्याच्या चिठ्ठीवरून स्वयंपाकाची चव ठरविणे होय.

मग पाहावयाचे काय? आधी मापे. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास मुळात ६८ मिलिमीटर. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या बाजूस अधिक झिजतो आणि किंचित लंबगोल होतो. तो पुन्हा गोल करावयाचा तर बोअर करून मोठा करावा लागतो, आणि पिस्टनही त्याच बेताने मोठा लागतो. तेव्हा यादीत मोठ्या मापाचे पिस्टन असतील, तर शेजारी बोअर केल्याचे बिल हवे. झिजलेल्या सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर त्या नीट बसत नाहीत. ऑइल जळते आणि निळा धूर निघतो. क्रँकचेही तसेच. तो घासून बारीक केला असेल, तर बेअरिंग त्या मापाचे हवे. आणि किती घासला हे कळल्यावाचून पुढे आणखी घासता येईल की नाही, हे कसे समजावे?

नंतर यादीत काय नाही, ते पाहावे. ऑइल पंप, टाइमिंग चेन, व्हॉल्व्हची गाइड यांचा उल्लेख आहे काय? जुनी वस्तू चांगली असेल तर ती ठेवण्यात गैर नाही. पण ती मोजून ठेवली की न पाहताच, हे विचारलेच पाहिजे. झिजलेल्या पंपाने दाब पुरला नाही, तर नव्या बेअरिंगची रक्कम पाण्यात गेली म्हणून समजावे.

शेवटी, बयाणा देण्यापूर्वी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. आकड्यांत फार तफावत दिसली तर यादी बाजूला ठेवावी. आणि ज्याने इंजिन बांधले त्या कारागिराला गाठावे. माप विचारणे हा त्याचा अपमान नव्हे. ज्याने मनापासून काम केले, त्याला ते सांगण्यात आनंदच असतो.