बैल टिकला तर शर्यत टिकेल
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील क्षेत्र समन्वयकांचे भाषण)

मैत्रिणींनो, जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीचा विषय बचत गटाच्या बैठकीत कशाला, असं वाटेल. पण त्या बैलाला वैरण कोण टाकतं, पाणी कोण दाखवतं? आपणच ना! म्हणून बोलते.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये राज्याचा कायदाही न्यायालयात टिकला. बंदी उठली, पण जुंपायला बैल कुठे राहिलेत? 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधे देशातले गोवंशातले नर सुमारे 30 टक्क्यांनी घटले. नांगरट ट्रॅक्टरनं होते, मग गोऱ्हा विकला जातो. शर्यतीचा खिलार पोसणं मोजक्याच घरांना परवडतं. आपल्या इगतपुरीकडचा डांगी भरपावसात चिखलणीला पक्का, पण त्यालाही काम उरलं तरच तो गोठ्यात राहील.

मग आपण काय करायचं?

एक, ग्रामसभेत विचारा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली का? कायदा मोडला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

दोन, बैलाला मारहाण, टोचणी नको. पैजा तर नकोच.

तीन, बैलासाठी कर्ज मागितलं तर आधी खुराकाचा महिन्याचा खर्च वहीत मांडा. शेतकाम आणि शेणखत यांतून काय सुटतं ते बघा, मगच ठराव करा.

बक्षीस एखाद्यालाच मिळतं, हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो. बैल घरोघरी परवडला, तरच जत्रेत गाडा पळेल.