गुन्ह्यांची मोजदाद

मोंढ्यात आलेले पोते काट्यावर चढते आणि त्याचे वजन तत्काळ कळते. गुन्ह्याचे तसे नाही. तो पुष्कळदा काट्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरात यंदा इतके गुन्हे ‘घडले’ असे वृत्त आले, तर चतुर वाचकाने तेथे ‘नोंदले गेले’ असे वाचावे.

गुलमंडीच्या गर्दीत एखाद्याचा खिसा कापला जातो. गेलेली रक्कम थोडी, ठाण्यात जावे तर दिवस मोडतो. सबब तो गप्प बसतो. घरात मार खाणारी स्त्री अब्रूच्या धाकाने उंबरठा ओलांडीत नाही. गुन्हे दोन्ही घडले; पुस्तकात एकही चढला नाही. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक अपराध असले, तर देशाच्या वार्षिक अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच गणला जातो.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच फिर्याद नोंदविणे पोलिसांस बंधनकारक आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. असा नियम कसोशीने पाळला गेला, तर नोंदी वाढणारच. ही वाढ पाहून कोणी अधिकाऱ्यास दोष देऊ लागला, तर अधिकाऱ्यापुढे सोपा मार्ग एकच उरतो: फिर्याद लिहूनच न घेणे. मग आकडा उतरतो आणि पीडित मात्र दारातून परत जातो.

आकड्यास लोकसंख्येचीही जोड हवी. या शहराची वस्ती २००१ साली सुमारे पावणेनऊ लाख होती. २०११ साली ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांनी दूरदूरची माणसे ओढून आणली. वस्ती वाढली म्हणजे गुन्हेही वाढणार. म्हणून प्रमाण लाख लोकसंख्येमागे काढतात. परंतु २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि हा भागाकार अंदाजावर करावा लागला.

गुन्ह्यामागे परिस्थितीचा हात असतो, हे आकडेच सांगतात. गेओर्ग फॉन मायर या जर्मन पंडिताने १८६७ साली बव्हेरियाच्या नोंदी तपासून दाखविले की, धान्याचे भाव चढले म्हणजे चोऱ्या वाढतात आणि उतरले म्हणजे घटतात. अवर्षणाची ओळख असलेल्या मराठवाड्यास हे नवल वाटू नये. तथापि, कारण शोधणे निराळे आणि जातीवर शिक्का मारणे निराळे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास त्यांच्यासाठी वसाहत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु संशय रद्द झाला नाही. चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाणारा शोध तेथेच आरोपी पाहतो. मग नोंदी तेथल्याच वाढतात, आणि त्याच नोंदी पुढच्या संशयाचा पुरावा ठरतात.

तात्पर्य, एकच वही एका ठिकाणी कमी लिहिते आणि दुसरीकडे अधिक. आकडा हाती आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत: फिर्याद देण्यास कोण धजला, ती कोणी लिहून घेतली, आणि शोध प्रथम कोणाच्या दारी गेला? ज्या नगरात दुबळ्यातला दुबळा निर्भयपणे ठाण्याची पायरी चढतो, तेथील वही काही काळ जाड दिसेल. परंतु ते नगराच्या अधोगतीचे नव्हे, विश्वासाचे लक्षण समजावे.