होल्बाइनचा नांगऱ्या

हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने १५२५ च्या सुमारास बाझेल शहरी मृत्यूची चित्रमाला रेखाटली. चित्रे काड्यापेटीहून थोडीच मोठी. मृत्यू म्हणजे हाडांचा सापळा. तो बादशहाला गाठतो, पोपला गाठतो. चुलीशी रांधणाऱ्या आईचे मूलही हात धरून नेतो.

नांगऱ्याचे चित्र मात्र निराळे. म्हातारा शेतकरी दमलेला. मृत्यू त्याची घोडी हाकतो आहे, आणि चर्चमागे सूर्य मावळतो आहे. इथे मृत्यू वैरी वाटत नाही. शेवटचे तास उरकायला आलेला सोबती वाटतो.

ही चित्रे लाकडावर कोरणारा कारागीर लुट्झेलबुर्गर १५२६ साली वारला. पुस्तक फ्रान्समधील लियों येथे निघाले ते १५३८ मध्ये. मृत्यू कोरणाऱ्यालाही त्याने सवड दिली नाही!