दुसरा डाव

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू पीटीचा शिक्षक, तेव्हा खेळावर बोल. पण कंटाळवाणं नको." म्हणून विषय निवडलाय खेळ आणि सिनेमा या दोन्हींचा. खेळाडू म्हणून नाव कमावलं आणि पुढे पडद्यावर आले, अशा माणसांचा. त्यांच्याकडून आपल्या शाळेतल्या मुलांसाठी काही घेता येतं का, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या माणसापासून करतो. रविवारी सकाळी गावातल्या मोजक्या टीव्हींसमोर आपण दाटीवाटीने बसायचो. त्या 'महाभारता'तला भीम आठवतो? ते प्रवीणकुमार सोबती. पडद्यावर गदा हातात घेण्याआधी त्यांनी हातात थाळी घेतली होती. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांमध्ये थाळीफेकीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, आणि ऑलिंपिकलाही ते गेले होते. आपल्याला मात्र ते फक्त भीम म्हणून माहीत. म्हणजे माणसाचा दुसरा डाव इतका रंगू शकतो की पहिला लोक विसरून जातात.

पण सगळ्यांचंच असं होत नाही. आता आपल्या मातीतल्या माणसाकडे वळतो. सलील अंकोला. जन्म १९६८चा, सोलापूरचा. उंच, तगडा, उजव्या हाताने वेगात चेंडू टाकणारा. महाराष्ट्राकडून रणजीत पदार्पण केलं तेच हॅटट्रिक घेऊन. १५ नोव्हेंबर १९८९ला कराचीत भारत-पाकिस्तान कसोटी सुरू झाली, ती आपल्याला एका १६ वर्षांच्या मुलामुळे पाठ आहे. सचिन तेंडुलकरची ती पहिली कसोटी. सलील अंकोलाचीही तीच पहिली. त्याने त्या सामन्यात २ बळी घेतले. सचिन पुढे २०० कसोटी खेळला. अंकोलाची ती पहिली कसोटी शेवटचीच ठरली.

एकदिवसीय सामने तो २० खेळला, १९९६च्या विश्वचषकाच्या संघातही होता. शेवटचा सामना १३ फेब्रुवारी १९९७चा, डर्बनला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. तारीख लक्षात घ्या. त्या दिवशी आपण सगळे दहावीच्या परीक्षेच्या तयारीत होतो, भूमितीची प्रमेयं घोकत होतो. आपण शाळेतून बाहेर पडायच्या बेतात होतो आणि तोही मैदानातून बाहेर पडत होता. त्याच्या डाव्या नडगीच्या हाडात गाठ झाली होती. वय २८.

इथे पीटीच्या मास्तरला थोडं बोलू द्या. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना डावा पाय जमिनीवर आपटून रोवतो. पळत आलेल्या सगळ्या शरीराचा भार, वजनाच्या कितीतरी पट, त्या एका पायावर येतो. दर चेंडूला. गायकाचा गळा तसा वेगवान गोलंदाजाचा तो पाय. त्यातच दुखणं निघालं, तर बाकीचं शरीर कितीही धडधाकट असून उपयोग नसतो. २८ हे वय आपल्यापैकी बहुतेकांसाठी नोकरीत नुकतं स्थिरावण्याचं. खेळाडूचं तिथे सगळं संपलेलं असतं, आणि पुढे निदान ३० वर्षं काम करायचं असतं.

अंकोला अभिनयाकडे वळला. 'कोरा कागज' मालिकेत तो रेणुका शहाणे यांच्याबरोबर दिसला. २०००मध्ये महेश मांजरेकरांच्या 'कुरुक्षेत्र'मध्ये, मग 'पिता'मध्ये त्याला भूमिका मिळाल्या. मालिका पुष्कळ केल्या. अलीकडच्या 'कर्मफल दाता शनि'मधला सूर्यदेव आपल्या मुलांनी पाहिला असेल, तो हाच.

ऐकायला हे सोपं वाटतं. देखणा होता, नाव होतं, मिळालं काम. पण नुसत्या नावावर किती चालतं, याचं उदाहरण त्याच्या आधीच आपल्यासमोर होतं. १९८३चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला संदीप पाटील १९८५मध्ये 'कभी अजनबी थे' या चित्रपटात नायक झाला. तेव्हा त्याच्याएवढी लोकप्रियता फार थोड्यांची होती. तरी नायक म्हणून गाडी त्या एका चित्रपटापुढे गेली नाही. तो क्रिकेटकडेच परतला, आणि त्यात त्याचं मोठेपण आहे. पुढे त्याच्या प्रशिक्षणाखाली केनियासारखा छोटा संघ २००३च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. नंतर तो भारताच्या निवड समितीचा अध्यक्षही झाला. म्हणजे नावामुळे पहिलं दार उघडतं. आत टिकायचं तर ते काम नव्याने शिकावं लागतं.

मग खेळातलं काय कामी येतं आणि काय येत नाही? मला जे दिसतं ते सांगतो. गोलंदाज रनअप पावलांनी मोजतो आणि खूण करतो. तिथूनच निघायचं, खाली न बघता पाय क्रीजवर बरोबर पडला पाहिजे. नटासाठीही जमिनीवर खूण केलेली असते. संवाद म्हणत चालत यायचं आणि खाली न बघता बरोबर तिथेच थांबायचं, नाहीतर प्रकाश चुकतो, कॅमेऱ्याचा फोकस जातो. खेळाडूला हे लवकर जमतं. तीच गोष्ट दहा वेळा करायचा त्याला कंटाळा नसतो. पहाटे उठायची आणि तासन्‌तास उभं राहायची सवय असते. मार्गदर्शक सगळ्यांसमोर बोलला तर तो रुसून बसत नाही.

पण दोन गोष्टी उलट्या आहेत. मैदानात मनातलं चेहऱ्यावर दाखवायचं नसतं. दुखतंय, भीती वाटतेय, हे समोरच्याला कळलं की संपलं. नटाला नेमकं तेच दाखवायचं असतं. दुसरं म्हणजे धावफलक. खेळाडूला संध्याकाळी आकड्यांत कळतं, आज आपण काय केलं. अभिनयात आकडा नाही. चांगलं झालं की वाईट, हे दुसऱ्याच्या मतावर. आयुष्यभर आकड्यांवर जगलेल्या माणसाला हे फार जड जात असणार.

आणि मधला काळ असतो. पहिलं संपलंय आणि दुसऱ्यात अजून पाय रुतलेला नाही, तो. अंकोलाने स्वतः मुलाखतींमध्ये उघडपणे सांगितलं आहे, की खेळ सुटल्यानंतर तो दारूच्या आहारी गेला होता आणि उपचार घेऊन त्यातून बाहेर आला. मोठ्या पडद्यावर चेहरा दिसत असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. ज्याचा चेहरा कुठेच दिसत नाही, त्या गावातल्या मुलाचं त्या मधल्या काळात काय होत असेल?

याच्या अगदी उलट एक गोष्ट अमेरिकेतली आहे. तिकडे स्केटबोर्ड नावाचा खेळ आहे. चार चाकांची फळी, तिच्यावर उभं राहून उड्या, गिरक्या. २०२१ साली टोकियोत तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. जेसन ली हा कॅलिफोर्नियाचा मुलगा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्यावसायिक स्केटबोर्डर झाला. १९९२मध्ये एका मित्राबरोबर त्याने स्वतःची स्केटबोर्डची कंपनीही काढली. मग १९९५मध्ये 'मॉलरॅट्स' या चित्रपटात तो आला, आणि २००५पासून चार वर्षं 'माय नेम इज अर्ल' या मालिकेचा नायक झाला. त्याचा खेळ कोणत्या आजाराने हिसकावला नव्हता.

त्याच्या यशामागचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. त्या खेळात स्पर्धेइतकाच व्हिडिओ महत्त्वाचा. एखादी उडी तीस-चाळीस वेळा करायची, आपटायचं, उठायचं, आणि जी एकदा जमली ती चित्रित झालेली असली पाहिजे. त्याचा गाजलेला व्हिडिओ १९९१चा, आणि तो बनवणारा स्पाइक जोन्झ पुढे हॉलिवूडचा नावाजलेला दिग्दर्शक झाला. म्हणजे जेसन ली सिनेमात गेला तेव्हा कॅमेरा त्याला नवा नव्हता. पहिला खेळ जोरात चालू असतानाच दुसऱ्याची तोंडओळख झाली होती. अंकोलाला एका गाठीने एका दिवसात बाहेर काढलं. ली एका अंगणातून शेजारच्या अंगणात गेला.

हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं. काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं. ती वर्षं काढायची कशी? ज्या घराकडे वाडीशिवाय दुसरं काही होतं, दोन खोल्या पर्यटकांसाठी असोत, खाणावळ असो, एखादी नोकरी असो, ते घर सावरलं. ज्यांचं सगळं पोफळीवरच होतं, त्यांचे हाल आपण पाहिले. आणि आपल्यापैकी कोणी त्यांना म्हटलं नाही, की तुम्ही पोफळी लावल्यात हेच चुकलं. पोफळी लावायच्याच. बरोबरीने आणखी काहीतरी लावायचं.

मुलांच्या खेळाबद्दल मात्र आपण हे विसरतो. मी २० वर्षं शाळेत शिकवतो. पालक दोनच प्रकारचे भेटतात. एक म्हणतात, "सर, खेळबीळ बंद करा, अभ्यास महत्त्वाचा." दुसरे म्हणतात, "सर, याला फक्त खेळू द्या, बाकी काही नको." माझ्याकडे एक मुलगा होता, कबड्डीत चढाई करणारा. रायगडात कबड्डी म्हणजे काय ते मी सांगायला नको. जिल्हा खेळला, पुढची निवड जवळ आली होती, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सहा महिने तो मैदानाकडे फिरकलाच नाही. मैदानाच्या वाटेने जायचं टाळायचा. मग एका स्पर्धेत गुण लिहायला माणूस कमी पडत होता, म्हणून त्याला बोलावून टेबलापाशी बसवला. दुसऱ्या दिवशी तो बोलावल्याशिवाय आला. आज तो पंचाची परीक्षा पास आहे आणि गावोगावच्या स्पर्धांचं समालोचन करतो. परवा मी त्याला ऐकलं. चढाईपटूच्या पायाची हालचाल तो एक क्षण आधी सांगतो. कारण ती त्याच्या स्वतःच्या पायात आहे.

अंकोलाचंही शेवटी तसंच झालं. डिसेंबर २०२०मध्ये तो मुंबईच्या निवड समितीचा अध्यक्ष झाला आणि जानेवारी २०२३मध्ये भारताच्या राष्ट्रीय निवड समितीवर गेला. एक कसोटी खेळलेला माणूस इतरांच्या कसोट्या ठरवायला बसला. ज्याला एका कसोटीनंतर पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही, त्याला संघाबाहेर राहिलेल्या पोराचं मन जास्त कळत असेल, असं मला वाटतं. शिकलेलं वाया जात नाही. पण ते आपोआप कामाला लागत नाही. कोणीतरी टेबलापाशी बोलवावं लागतं.

म्हणून या स्नेहमेळाव्यात एक मागणी करतो. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला खेळाचं साहित्य द्यायचं ठरतंय. जरूर देऊ. त्यात दोन गोष्टी वाढवू. पहिली, खेळताना जायबंदी झालेल्या मुलाच्या उपचारासाठी आणि नंतरच्या व्यायामासाठी थोडी रक्कम कायम बाजूला ठेवायची. दुसरी, शाळेच्या प्रत्येक स्पर्धेत गुणलेखन, पंचगिरी, समालोचन आणि चित्रीकरण मुलांनीच करायचं, आणि जे संघात आहेत त्यांनीही आळीपाळीने करायचं. आज आपल्या किनाऱ्यावर टेनिस बॉलच्या स्पर्धा मोबाइलवर थेट दिसतात. माइकवर कोणीतरी बोलत असतं, कॅमेरा कोणीतरी धरलेला असतो. ते आपल्या शाळेतलं का नसावं? याला खर्च जवळजवळ शून्य आहे. आपल्यातले जे ध्वनी, छायाचित्रण, पत्रकारिता या क्षेत्रांत आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस शाळेत यायचं, एवढंच.

सर आणि बाईंनी आपल्याला पळायला शिकवलं. पळणं थांबल्यावर काय करायचं, हे शिकवण्याएवढी उसंत त्यांना तेव्हा नव्हती, साठ-साठ पोरांचे वर्ग होते. ती उसंत आता आपल्याकडे आहे. हा ठराव आजच्या बैठकीत मांडतो. अनुमोदन द्यावं, ही विनंती.